आढ्याची दुरुस्ती

उतरत्या छपराचे दोन पाखे सर्वांत उंचावर ज्या आडव्या रेषेत मिळतात, तिला आढे म्हणतात. वाशांची वरची टोके ज्यावर टेकतात, त्या आडव्या लाकडालाही हेच नाव आहे. आढ्यावरील फट झाकणाऱ्या पालथ्या कौलांना कोकणात कोने म्हणतात. नव्या घरात पहिल्याच पावसाळ्यात आढ्यातून गळती झाल्यास तिचे मूळ बहुधा बांधणीतील चुकीत असते. ती चूक दूर न करता वरून सिमेंट लिंपल्यास गळती पुन्हा सुरू होते.

रचना

कोकण व गोव्यातील कौलारू घरांवर प्रामुख्याने मंगळुरी कौले आढळतात. या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे सुरू केला. ही कौले खालच्या अंगच्या खुंट्यांनी रिपांवर अडकतात आणि खाचांनी एकमेकांत बसतात. कोन्यांना असा आधार नसतो. ते केवळ स्वतःचे वजन व मसाला यांवर टिकतात. म्हणून छपराच्या इतर भागापेक्षा आढे अधिक नाजूक ठरते.

दोषांची कारणे

* रिपांचे चुकीचे अंतर: रिपांची आखणी नीट न केल्यास कौलांची सर्वांत वरची ओळ कोन्याखाली पुरेशी जात नाही. उरलेली फट जाड मसाल्याने भरली जाते व तेथूनच पाणी शिरते.
* मसाल्याला तडे: सिमेंटचे प्रमाण अधिक असलेला मसाला सुकताना आकसतो. कौले न भिजवता बसविल्यास ती मसाल्यातील पाणी शोषून घेतात आणि पकड कच्ची राहते.
* ओले लाकूड: न वाळलेले लाकूड नंतर आकसते वा वाकते. आढ्याची रेषा झोल खाते आणि कोन्यांचे सांधे उघडतात.
* वाऱ्याची दिशा: कोने एकमेकांवर चढविताना सांध्याचे तोंड वाऱ्याकडे राहिल्यास नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर येणारा पाऊस आत ढकलला जातो.

तपासणी

आढ्यातून शिरलेले पाणी वाशाच्या कडेने वाहत जाऊन दूरवर ठिबकते. त्यामुळे ठिबकण्याची जागा म्हणजे दोषाची जागा नव्हे. ओलाव्याचा माग आतील बाजूने वर आढ्यापर्यंत काढला जातो. आढ्याच्या दोन टोकांमध्ये दोरी ताणल्यास झोल लक्षात येतो.

दुरुस्ती

काम कोरड्या हवेत केले जाते. सैल कोने काढून जुना मसाला पूर्णपणे खरवडतात. झोल असल्यास आधी लाकूडकाम सरळ करतात. वरची ओळ अपुरी पडत असल्यास रिपा पुन्हा आखून कौले सरकवितात. कोने पाण्यात भिजवून सिमेंट, चुना व वाळू यांच्या १:१:६ प्रमाणातील मसाल्यात बसवितात. चुन्यामुळे मसाला कमी तडकतो. मसाला कोन्याच्या कडेबाहेर पसरू देत नाहीत, कारण उघडा मसाला पाणी शोषतो. त्यानंतर काही दिवस त्यावर पाणी मारतात. कौले पायाखाली फुटू नयेत म्हणून छपरावर आडवी शिडी वा फळी टाकून वावरतात.

केवळ मसाल्यावर विसंबण्याची पद्धत अन्यत्र मागे पडली आहे. ब्रिटनमधील बीएस ५५३४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार आढ्याची कौले स्क्रू वा तत्सम साधनांनी पक्की करणे अपेक्षित आहे.

कायदेशीर बाजू

भारतातील स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ (३) नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतील वा कारागिरीतील दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. स्वतःच्या जमिनीवर कंत्राटदाराकडून बांधून घेतलेल्या घरास ही तरतूद लागू होत नाही. तेथे कराराच्या अटी महत्त्वाच्या ठरतात. आढे उघडल्यावर दोषाचा पुरावा नाहीसा होत असल्याने दुरुस्तीपूर्वी छायाचित्रे घेणे व लेखी सूचना देणे उपयुक्त ठरते.