फायबरची मासेमारी नौका

फायबरची मासेमारी नौका : काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे थर साच्यात एकावर एक बसवून घडवलेली, मासेमारीसाठी वापरली जाणारी नौका. अमेरिकेतील टोलेडो येथे रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये बांधलेली लहान होडी या पद्धतीच्या आरंभीच्या नौकांपैकी एक होय. भारतात कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने (स्थापना १९५७) मासेमारी नौकांसाठी या साहित्याचा अभ्यास केला. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा नौका मोठ्या संख्येने आल्या. कोकणात चांगले सागवान महाग झाले, तसेच लाकूड पोखरणारे सागरी किडे फायबरला लागत नाहीत. त्यामुळे आउटबोर्ड इंजिनाच्या लहान होड्यांत फायबर रुळले.

रचना : मेण लावलेल्या साच्यात प्रथम जेलकोटचा रंगीत, गुळगुळीत थर देतात. पाणी आणि ऊन यांना हाच थर प्रथम तोंड देतो. त्यावर काचतंतूंची मॅट आणि विणलेले जाड कापड आलटूनपालटून ठेवून रेझिनने भिजवतात व रोलर फिरवून आतली हवा काढतात. रेझिन घट्ट होण्यासाठी त्यात साधारण एक ते दोन टक्के हार्डनर मिसळतात. मॅटच्या थरात वजनाने सुमारे ३० टक्के काच असते. ताकद काचेची असते; रेझिन जास्त झाले तर कवच जड होते, पण तितके बळकट होत नाही. कवचाला ताठपणा येण्यासाठी तळाशी उभ्या धारा व आडव्या बरगड्या जोडतात. इंजिन ज्यावर टांगतात त्या मागच्या फळीत बहुधा प्लायवुड असते. जुन्या नौकांत धारा व बरगड्यांच्या आतही लाकूड सापडते.

जुनेपणाची लक्षणे : काचतंतू कुजत नाहीत, त्यामुळे जुनी होडी बाहेरून धडधाकट दिसते. खरी झीज आत होते. बोल्ट, खिळे किंवा तडा यांतून पाणी शिरले की मागच्या फळीतील प्लायवुड फुगते, मऊ पडते आणि इंजिनाच्या धक्क्याने फळी हलू लागते. थर एकमेकांपासून सुटले असतील तर लाकडी हातोडीने हलकेच ठोकल्यावर खणखणीत नाद न येता बद्द आवाज येतो. जेलकोटमागे साठलेल्या विद्राव्य पदार्थांकडे पाणी ओढले जाऊन कवचावर फोड येतात. फोडातला द्रव आंबट वासाचा असतो. ही क्रिया गोड्या पाण्यात खाऱ्या पाण्यापेक्षा वेगाने होते. म्हणून जलाशयात कायम तरंगत ठेवलेल्या फायबरच्या होडीला फोडांचा धोका अधिक असतो. तुळजापूर तालुक्यासारख्या कोरड्या मुलखात उन्हाळ्यात पाणी आटते आणि होडी उघड्या खडकाळ काठावरून ओढावी लागते. तशा ठिकाणी तळाचा जेलकोट घासून निघतो आणि पाणी थेट काचतंतूंपर्यंत पोचते. अशा होडीच्या तळकण्याला घर्षण सोसणारी जादा पट्टी लावणे आणि काम नसेल तेव्हा ती सावलीत, पाण्याबाहेर ठेवणे हितकारक असते.

दुरुस्ती : सुटलेला भाग निरोगी थर लागेपर्यंत कापून काढतात. कडेला उतार देतात. तो कवचाच्या जाडीच्या सुमारे बारापट लांब असावा, म्हणजे नवे थर जुन्याला मोठ्या पृष्ठभागावर चिकटतात. कापून उघडा पडलेला भाग पूर्ण वाळलेला असावा लागतो. कोकणच्या पावसाळी दमट हवेत केलेली डागडुजी टिकत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर असते, पण रेझिनचे काम त्याआधीच्या कोरड्या दिवसांत उरकणे योग्य. रेझिनची वाफ आणि घासताना उडणारी काचेची धूळ अपायकारक असल्याने मास्क, चष्मा व हातमोजे वापरणे आवश्यक आहे.

हाताळणी : रिकामी फायबरची होडी त्याच मापाच्या लाकडी होडीपेक्षा सहसा हलकी असते. ती लवकर वेग घेते, पण वाऱ्याने बाजूला सरकते आणि लाटांवर उसळते. जुनी होडी मात्र भिजलेल्या लाकडामुळे वाढलेले वजन वागवत असते. रिकामी असताना ती पूर्वीपेक्षा खोल बसत असेल, किंवा एका अंगाला झुकत असेल, तर आत पाणी मुरल्याची शंका घ्यावी. पाण्यावर राहणारी बाजू त्यामुळे कमी होते आणि पूर्वी सहज पेलणारे जाळ्यांचे व माशांचे ओझे आता धोक्याचे ठरते.

तळात साठलेले सुटे पाणी सर्वांत घातक. होडी कलली की ते खालच्या अंगाला धावते आणि कल वाढवते. त्यामुळे पाणी वेळोवेळी उपसून टाकावे, जाळी व बर्फ तळाशी ठेवावा, वजन दोन्ही बाजूंना सारखे वाटावे. खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असताना आत येणे कसोटीचे असते. मागून येणारी लाट पिछाडी उचलते, होडी आडवी फिरते आणि दुसऱ्या लाटेने उलटू शकते. म्हणून तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) एका लाटेच्या पाठीवर, तिला मागे न टाकता, होडी सरळ ठेवून येतो किंवा लाटा मंदावेपर्यंत बाहेर थांबतो. मागच्या फळीची पकड ढिली असलेली होडी अशा वेळी मुखात नेऊ नये. इंजिन सुटले तर तिला दिशा राहत नाही.

सुरक्षितता व वापरानंतर : फायबर पाण्यापेक्षा जड असल्याने पाणी भरलेली होडी तरंगती राहण्यासाठी बंद हवापेट्या किंवा फोमने भरलेले कप्पे लागतात. जुन्या नौकांत हे कप्पे फुटलेले किंवा फोम पाण्याने भिजलेला असू शकतो. प्रत्येक हंगामाआधी ते तपासावेत आणि खलाशांइतकी जीवनरक्षक जाकिटे ठेवावीत. निकामी कवच कुजत नाही आणि उघड्यावर जाळल्यास विषारी धूर होतो. त्यामुळे वेळीच केलेली दुरुस्ती खलाशांच्या जिवाइतकीच किनाऱ्याच्याही हिताची ठरते.