देवी, मानमोडी आणि लाट : मावळ-लोणावळे परिसराच्या संदर्भात साथींचे रोग व मुलांविषयीची चिंता

संसर्गजन्य रोगाच्या फैलावास मराठीत 'साथ' म्हणतात. या शब्दाचे मूळ संस्कृत 'सार्थ' म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा या शब्दात आहे. मावळाच्या बाबतीत ही व्युत्पत्ती विशेष अर्थपूर्ण ठरते. कोकणच्या बंदरांतून घाटमाथ्यावर चढणारा प्राचीन व्यापारी मार्ग याच प्रदेशातून जात असे. कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी त्याच्याच आसऱ्याने उभी राहिली. १८५८ मध्ये पुणे ते खंडाळा आणि १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर मुंबई व दख्खन यांच्यामधील रहदारी लोणावळ्यावरून वाहू लागली. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या खोऱ्यांतील वाड्या मात्र या हमरस्त्यापासून दूरच राहिल्या. साथ दाराशी लवकर यावी आणि वैद्यकीय मदत उशिरा पोचावी, अशी या भूप्रदेशाची रचना आहे. अशा ठिकाणी आईबापांना मुलांविषयी वाटलेली भीती आणि मुलांवर प्रत्यक्ष कोसळलेले संकट यांचा मेळ कितपत बसतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्या त्या काळी रूढ झालेले शब्द त्याचे उत्तर शोधण्यास साहाय्य करतात.

१. देवी

विषाणुजन्य रोगांपैकी ज्या रोगाची धास्ती मराठी घरांनी सर्वांत दीर्घ काळ वागवली तो देवीचा रोग होय. वडीलधाऱ्यांपैकी बहुतेकांना तो बालपणीच येऊन गेलेला असल्यामुळे त्याचा मुख्य भक्ष्य लहान मूलच असे. जे मूल वाचे त्याच्या तोंडावर व्रण राहत, कित्येकांची दृष्टी जाई. येथे आईबापांची भीती अचूक होती, आणि भाषेनेही तिची नेमकी नोंद केली आहे. रोग 'झाला' असे न म्हणता 'देवी आल्या' असे म्हणत. आदरार्थी अनेकवचन आणि आगमनाचे क्रियापद, दोन्ही मिळून रोगाला घरी आलेल्या पाहुणीचे स्थान मिळाले. श्रावणातील शीतळासप्तमीचे व्रत मुलांच्या रक्षणाशी जोडलेले आहे, तेही याच भावनेतून.

हिंदुस्थानात गोस्तन देवीची पहिली यशस्वी लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत टोचली गेली, तीही एका तीन वर्षांच्या मुलीस. प्रारंभीच्या पद्धतीत एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव घेऊन तो दुसऱ्याच्या दंडात टोचीत. म्हणजे लस गावोगाव नेण्याचे साधन मुलेच होती. आपल्या मुलाच्या अंगातून काही काढून घेतले जाते, परक्या मुलाच्या अंगातील काही त्याच्यात घातले जाते, आणि ते मूल कोणत्या जातीचे हे ठाऊक नसते, या तिन्ही गोष्टींनी आईबाप बिचकत. विरोधाचे कारण केवळ अज्ञान होते असे म्हणणे त्यामुळे अपुरे ठरते. पुढे वासरांपासून लस तयार होऊ लागली तेव्हा या आक्षेपांतील बराच भाग आपोआप गळून पडला.

या स्थित्यंतरात भाषेचा वाटा लक्षणीय आहे. 'लस' म्हणजे मुळात जखमेतून पाझरणारा पातळ द्रव. हा घरगुती शब्द नव्या उपायास चिकटला व टिकला. टोचण्याच्या क्रियेस 'देवी काढणे' आणि टोचणाऱ्यास 'देवी डॉक्टर' म्हणू लागले. रोग आणि त्याचा प्रतिबंध यांना एकच नाव मिळाल्यामुळे नवा उपाय जुन्या श्रद्धेच्या चौकटीत सामावला गेला. १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण आढळला आणि १९८० मध्ये जगातून या रोगाचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली.

२. मानमोडी

१९१८ च्या जून महिन्यात मुंबईत इन्फ्लुएंझा प्रकट झाला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी भयानक ठरली. ६ ऑक्टोबर रोजी एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. लोहमार्गाच्या आश्रयाने रोग देशभर पसरला आणि एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी दख्खनमध्ये पर्जन्याने दगा दिला होता, आणि महायुद्धामुळे धान्य महागले होते. प्लेगच्या दिवसांत गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहण्याची रीत पडली होती. हवेतून पसरणाऱ्या या रोगापुढे तिचाही उपयोग नव्हता.

लोकांनी या रोगास 'मानमोडी' म्हटले. या नावात देवता नाही, आदरार्थी बहुवचन नाही, मूलही नाही. मान मोडून पडलेल्या माणसाचे शरीर तेवढे आहे. नाव यथार्थ होते. अर्भकांचेही मृत्यू झाले. परंतु या साथीचे वेगळेपण असे की, एरवी सर्वांत सुरक्षित मानल्या जाणाऱ्या वीस ते चाळीस वर्षांच्या माणसांना तिने मोठ्या संख्येने नेले, आणि त्यांतही स्त्रियांना अधिक. १९१९ मध्ये जन्मांची संख्या घटली. मावळासारख्या भातपिकाच्या मुलखात साथीचा कळस कापणीच्या तोंडावर आला हे ध्यानात घेतले, म्हणजे तरण्या माणसांच्या मृत्यूचा मुलांशी असलेला संबंध उलगडतो. अंगावर पिणाऱ्या मुलाची आई गेली, कापणीचे हात गेले, आणि घरातील धान्यही गेले. रोगाने ज्या मुलांना स्पर्शही केला नाही, त्यांनाही साथीने गाठले. मृत्यूच्या कोष्टकात मात्र अशा मुलांसाठी रकाना नव्हता.

३. लाट

२००९ च्या इन्फ्लुएंझा-साथीत देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात झाला. मृत मुलगी चौदा वर्षांची शाळकरी विद्यार्थिनी होती. पुण्यातील शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. 'साथ म्हणजे मुलांवरील संकट' ही जुनी जाणीव त्या घटनेने पुन्हा जागी झाली.

कोविडचे राज्यातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. २०२१ च्या उन्हाळ्यात 'तिसरी लाट लहान मुलांवर येणार' हे वाक्य सर्वतोमुखी झाले. पूर्वी साथ येई, पसरे आणि ओसरे. नाव पडे ते ती आल्यावर. येथे लाटेला येण्यापूर्वीच क्रमांक मिळाला व तिचे भक्ष्यही ठरले. राज्य शासनाने बालरोगतज्ज्ञांचा कृतिगट नेमला. परंतु जून-जुलै २०२१ मधील राष्ट्रीय रक्तद्रव्य-पाहणीत सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के, तर दहा ते सतरा वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांत प्रतिपिंडे आढळली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता, आणि त्यांतील बहुतेकांचा आजार सौम्य होता. काही मुलांना संसर्गानंतर काही आठवड्यांनी अनेक अवयवांचा गंभीर दाह झाला. तेव्हा भीती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही. तथापि भाकीत केले गेले त्या स्वरूपात ती लाट आली नाही.

आघात झाला तो अन्य वाटेने. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी पाच लाख रुपयांची मुदतठेव ठेवण्याचा निर्णय राज्य शासनाला जून २०२१ मध्ये घ्यावा लागला. ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. पहिली ते चौथीच्या मुलांना त्यानंतरही थांबावे लागले. दूरध्वनीवरील शिक्षण हे ज्या घरात यंत्र एकच आणि ते घेऊन बाप कामाला गेलेला, अशा घरासाठी नाममात्रच होते. मावळातील कातकरी व ठाकर वस्त्यांत, जेथे मूल शाळेत टिकणे एरवीही कठीण, तेथे दीड वर्षाच्या खंडाचा अर्थ निराळा सांगावयास नको. शहरांतही नेहमीच्या लसीकरणात खंड पडला, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ उद्भवून मुले दगावली. नव्या विषाणूकडे डोळे लागले असता जुन्या विषाणूने डाव साधला.

४. समारोप

या तीन प्रसंगांची तुलना करता असे दिसते की, देवीच्या रोगात भीती व संकट यांचे स्थान एकच होते, ते म्हणजे मुलाचे शरीर. त्या शतकानुशतकांच्या अनुभवाने आईबापांना प्रत्येक साथीत प्रथम मुलाच्या कपाळावर हात ठेवावयास शिकविले. हा संस्कार चुकीचा नव्हे. परंतु १९१८ व २०२१ या दोन्ही वेळी तो अपुरा पडला. मुलाचे आरोग्य हे त्याच्या अंगातील तापाइतकेच आईच्या जगण्यावर, घरातील धान्यावर, शाळेच्या उघड्या दारावर आणि वेळेवर टोचलेल्या गोवराच्या लशीवर अवलंबून असते.

'मानमोडी' या शब्दाला शंभर वर्षे झाली. तो आज म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातूनही लोपत चालला आहे, आणि त्याबरोबर त्या साथीने पोरक्या केलेल्या पिढीची स्मृतीही. २०२१ मध्ये ती स्मृती जागी असती, तर मुलांसाठी खाटा वाढविण्याइतकीच निकड त्यांच्या तरुण आईबापांना वाचविण्याची आहे, हे सांगण्यास नव्या पुराव्याची वाट पाहावी लागली नसती.