नवा शिक्षक एकटा पडू नये : शाळेत सोबती-शिक्षक उपक्रम कसा सुरू करावा?

जूनमध्ये शाळा उघडते. नुकतीच डी.एड. किंवा बी.एड. झालेली शिक्षिका रुजू होते, तिच्या हाती हजेरीपट दिला जातो आणि 'जा वर्गावर' म्हटलं जातं. पुढचं तिचं ती बघेल! कुणाला विचारावं तर 'एवढंही येत नाही का?' ही भीती. तिला अनुभव हळूहळू येईलच, पण त्या वर्गातल्या मुलांना ते वर्ष पुन्हा मिळणार नाही. ही मुलं आपलीच आहेत. म्हणून हा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

सोबती-शिक्षक म्हणजे कोण?

आपल्याच बरोबरीचा, थोडा जास्त अनुभव असलेला सहकारी. तो साहेब नाही. मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख पाठ पाहतात, ते गरजेचंच आहे. पण तिथे शेरा लिहिला जातो, आणि शेरा म्हटला की माणूस अडचण लपवतो. सोबत्यापाशी ती उघड बोलता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असं म्हटलं आहे.

सुरुवात कशी करावी?

१. वेळ आधी ठरवा. दोघांनाही आठवड्यातून एक मोकळी तासिका वेळापत्रकातच द्या. 'सवडीने भेटा' म्हटलं की भेट होत नाही.

२. जोडी राजीखुशीने लावा. फक्त सेवाज्येष्ठता पाहू नका. विषय एक असावा आणि दोघांना मोकळेपणाने बोलता यावं. लहान उर्दू शाळेत मराठी शिकवणारा शिक्षक अनेकदा एकटाच असतो. अशा वेळी जवळच्या मराठी शाळेतला सोबती घ्यावा.

३. एका वेळी एकच गोष्ट पाहा. काय पाहायचं ते नव्या शिक्षकाने सांगावं. उदाहरणार्थ, 'मागच्या बाकावरच्या किती मुलांना मी प्रश्न विचारले?' सोबत्याने मागे बसून फक्त मोजावं.

४. त्याच दिवशी बोला. दहा मिनिटं पुरतात. आधी नव्या शिक्षकाने बोलावं, मग सोबत्याने. शेवटी पुढच्या आठवड्यात करायची एक गोष्ट ठरवा.

५. उलटही होऊ द्या. नव्याने जुन्याचा तास पाहावा. मोबाईलवरचे धडे वापरण्यात नवी मंडळी बरेचदा पुढे असतात, तिथे जुन्यांनी शिकावं.

६. वही नव्या शिक्षकाकडेच राहू द्या. त्यातलं काहीही गोपनीय अहवालात जाता कामा नये. हा नियम एकदा जरी मोडला, तरी विश्वास संपतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी आणि वर्षाअखेर आढावा घ्या. जोडी जमत नसेल तर कुणालाही दोष न देता बदला.

संस्था आणि पालकांनी काय करावं?

या कामाला पैसा फारसा लागत नाही, वेळ लागतो. संस्थाचालकांनी सोबती-शिक्षकाकडची इतर कामं थोडी कमी करावीत. पालकांनीही पहिल्याच महिन्यात 'नव्या मॅडमना जमत नाही' असा शिक्का मारू नये. 'त्यांना सोबत कोण आहे?' असं शाळेला विचारावं.

सावित्रीबाई फुले यांनी १८५६ साली माहेरी आजारी असताना जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सहकारी फातिमा यांचा उल्लेख आहे. आपल्यामागे कामाचा भार फातिमावर पडला असेल, याची काळजी त्या पत्रात दिसते. सहकाऱ्याची अशी काळजी आपल्या शाळांमध्ये पुन्हा दिसावी. येत्या जूनपासून निदान एका जोडीने तरी सुरुवात करूया.