नित्याची भाकरी

पक्वान्नांचें कौतुक करणारे लेखक आपल्याकडे पुष्कळ झाले. नित्याच्या जेवणाचें चरित्र लिहावें असें मात्र फारसें कोणास वाटलेलें दिसत नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. इतिहास नेहमीं अपूर्व गोष्टींची नोंद करतो. लग्नांत किती पंगती उठल्या, राजाच्या मुदपाकखान्यांत काय शिजलें, हें लिहून ठेवलें जातें. पण त्याच दिवशीं गांवच्या कुणब्यानें बांधावर बसून काय खाल्लें हें कोणी लिहीत नाहीं, कारण त्यानें कालहि तेंच खाल्लें होतें आणि उद्यांहि तो तेंच खाणार होता.

आणि तरीहि विचार करण्यासारखी गोष्ट हीच आहे. श्रीखंड सलग चार दिवस वाढलें तर पांचव्या दिवशीं घरांतलीं मुलेंसुद्धां ताट मागें सारतील. ज्वारीची भाकरी, पिठलें, कांदा आणि मिरचीचा ठेचा हें जेवण मात्र देशावरचा माणूस जन्मभर जेवला तरी त्याचा वीट आल्याची तक्रार सहसा ऐकूं येत नाहीं. असें कां व्हावें, आणि हें ताट आपल्यापुढें आलें कोठून, ह्या दोन प्रश्नांचा थोडासा विचार येथें करण्याचा आमचा हेतु आहे.

हें ताट फार पुरातन, किंबहुना ह्या भूमीबरोबरच जन्मलेलें आहे, अशी आपली सर्वांची समजूत असते. ती कितपत खरी आहे हें पाहूं. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांचीं घरें, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा, सारें कांहीं मातीखालून वर आलें. महाराष्ट्राचे हे आद्य शेतकरी मुख्यतः कोणतें धान्य पिकवीत? ज्वारी नव्हे, तर सातू. ज्या धान्याला आज आपण केवळ उन्हाळ्याच्या पिठापुरतें ओळखतों, त्यावर त्या गांवाचें पोट भरत असे.

मग ज्वारी कोठली? वनस्पतिशास्त्रज्ञांचें उत्तर ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. ज्वारीचें मूळ घर आफ्रिकेच्या ईशान्य भागांत, आजच्या सुदानच्या आसपास आहे. बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेवरची, आणि कोंकणची नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशांतली. फार प्राचीन काळीं हीं तिन्ही धान्यें आपल्याकडे आलीं आणि येथल्या मातीशीं अशीं एकजीव झालीं कीं, त्यांच्या परकेपणाची आठवणहि उरली नाहीं. ऋग्वेदाला यव ठाऊक आहे. ज्वारी त्याच्या ओळखीची नाहीं. पिठल्याचा हरभराहि पश्चिम आशियांतून आलेला आहे. आपल्या रोजच्या जेवणांत अस्सल येथला म्हणावा असा दाणा तुरीचा. तिचे रानटी भाईबंद आजहि बस्तर व ओरिसाच्या बाजूस सांपडतात.

ह्यापुढें मध्ययुगाकडे येऊं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या नांवावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. त्यांत अन्नभोगाचें सविस्तर प्रकरण आहे. मंडक, पोलिका, वटिका अशीं नांवें त्यांत भेटतात, आणि मांडे, पोळी व वडे ह्यांचे पूर्वज भेटल्याचा आनंद होतो. तें ताट राजाचें, रयतेचें नव्हे, हें खरें. परंतु त्यांतली एक उणीव राजाला आणि रयतेला सारखीच लागू होती. तिखटपणासाठीं त्या काळीं मिरीं होतीं, सुंठ होती, हिंग होता. मिरची मात्र नव्हती. पुढें साडेचारशें वर्षांनीं अकबराच्या मुदपाकखान्याचें वर्णन ‘ऐने अकबरी’ने केलें, त्या पाककृतींतहि मिरचीचा पत्ता नाहीं.

मिरची ही अमेरिकेची. वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतला उतरला, १५१० सालीं गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें, आणि त्यांच्या गलबतांतून ही रोपटी आपल्या किनाऱ्याला लागली. नव्या पाहुणीला आपण जुन्या मिऱ्यांवरून नांव दिलें आणि थोड्याच पिढ्यांत मिऱ्यांना बाजूस सारून तिला स्वयंपाकघराची मालकीण केलें. तिच्या मागोमाग अमेरिकेचेंच शेंगदाणे, बटाटे, टोमॅटो हें सारें गणगोत आलें. बटाट्यानें तर आपलें पोर्तुगीज नांवहि बदललें नाहीं. म्हणजे लसूण, मीठ, मिरची आणि शेंगदाणे कुटून केलेला जो ठेचा आपण ‘वाडवडिलांपासूनचा’ म्हणून खातों, तो शिवछत्रपतींच्या पणज्यालाहि क्वचितच ठाऊक असेल!

तेव्हां ह्या ताटांत जुनें असें राहिलें तरी काय? आमच्या मतें जुनें आहे तें पदार्थ नव्हे, तर त्यांची मांडणी. मध्यें एक सौम्य, स्वतःची चव फारशी न मिरविणारें धान्य. त्याच्याशेजारीं कसलीशी डाळ. आणि जिभेला जाग आणील असें कांहींतरी थोडेंसें तोंडीलावणें. सातूच्या जागीं ज्वारी आली, मिऱ्यांच्या जागीं मिरची आली, कोंकणांत भाकरीच्या ठिकाणीं भात राहिला. मांडणी मात्र ढळली नाहीं. वीट न येण्याचें रहस्यहि ह्यांतच असावें. जो पदार्थ आपल्या चवीनें जिंकूं पाहतो त्याचा विजय चार दिवसांचा असतो. भाकरी कोणास जिंकूं पाहत नाहीं. ती आज मेथीची भाजी घेऊन येते, उद्यां अंबाडीची, परवां नुसत्या कांद्यावर निभावते. धान्य तेंच, पण ऋतु रोज थोडाथोडा पालटत असतो, आणि त्याची वार्ता ती आपल्यापर्यंत पोंचविते.

ह्या साधेपणामागें कौशल्य किती आहे हें भाकरी थापून पाहणारालाच कळेल. गव्हाच्या पिठाला जो चिवटपणा असतो तो ज्वारीला मुळींच नाहीं. म्हणून तिची पोळीसारखी कणीक तिंबून ठेवतां येत नाहीं. ऊन पाण्यानें पीठ मळावें, एका वेळीं एका भाकरीपुरतेंच घ्यावें, तळहातानें फिरवीत थापावें, तव्यावर टाकून वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवावा आणि शेवटीं निखाऱ्यावर फुगवावी. पीठ शिळें झालें कीं तें विरी जातें, म्हणजे त्याचा उरलासुरला चिकटपणाहि सरतो. म्हणून पहांटे उठून जातें ओढणें आलें. हें ज्ञान कोणत्याहि पोथींत नाहीं. तें आईच्या हातांतून मुलीच्या हातांत आलें, आणि त्याची किंमत त्या हातांनीं मोजली.

परंतु येथें एका गोष्टीचें भान ठेवणें जरूर आहे. ‘वीट येत नाहीं’ हे शब्द पोट भरलेल्याचे आहेत. ज्यांनीं ही भाकरी घडविली त्यांच्या इतिहासांत ती न मिळाल्याचीं वर्षें पुष्कळ आहेत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनची रयत खडी फोडण्यास गेली, तेव्हां सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं धडधाकट माणसास दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरे होतात असें ठरविलें. एक पौंड म्हणजे सुमारें साडेचारशें ग्रॅम. भाकऱ्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर चार. त्यावर दिवसभर उन्हांत दगड फोडावयाचे! मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची कैफियत सरकारपुढें मांडली. त्या लोकांचें मागणें पक्वान्नाचें नव्हतें. नित्याचें ताट नित्याप्रमाणें मिळावें एवढेंच होतें.

पुढें १९७२ चा दुष्काळ आला. त्या वेळीं रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा ‘मिलो’ मिळाला आणि कामावर सुकडी मिळाली. मिलो म्हणजे दुसरें कांहीं नसून ज्वारीचीच एक जात. आफ्रिकेंतून निघालेलें एकच धान्य एका वाटेनें आपल्याकडे येऊन आपलें झालें, दुसऱ्या वाटेनें अमेरिकेंत जाऊन तेथें मुख्यतः गुरांचा चारा झालें, आणि दुष्काळांत दोघांची गांठ एका तव्यावर पडली. लोकांनीं तें खाल्लें, कारण भूक होती. पण त्या भाकरीला ‘आपली’ असें कोणी म्हटलें नाहीं. धान्य एका जातीचें असलें म्हणून तें आपलें होत नाहीं. शेंकडों पिढ्यांच्या निवडीनें आणि सवयीनें तें आपलें होतें. सोलापूरकडील मोहोळच्या क्षेत्रावर निवडलेल्या मालदांडी ज्वारीला आजहि जो मान आहे, तो ह्याच निवडीचा. परतीच्या पावसानें काळ्या जमिनींत जी ओल मुरते, तिच्यावरच ती हिंवाळाभर वाढते.

आणि आतां ही आपली झालेली भाकरी आपण हातानें दूर केली आहे. देशावर एके काळीं गव्हाची पोळी सणावारी होत असे. ती रोजची झाली हें सुबत्तेचें लक्षण म्हणून कोणी त्यास नांवें ठेवणार नाहीं. पण रेशनच्या दुकानानें गहू आणि तांदूळ घरोघरीं पोंचविला आणि ज्वारीला ‘भरड’ ठरविलें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यांत तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो अशी पायरी लावून दिलेली होती. धान्यांची जातिव्यवस्थाच ती! नंतर संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून साजरें केलें, आणि आज शहरांतले वैद्य सुखवस्तु लोकांस भाकरी खाण्याचा उपदेश करीत आहेत. कित्येक बाजारांत उत्तम मालदांडी गव्हाहून महाग विकली जाते. ज्याच्या आजोबाला दुसरें कांहीं परवडत नव्हतें, त्या मजुराच्या नातवाला तीच ज्वारी परवडत नाहीं.

असो. परक्या वस्तु येऊं नयेत असें ह्या इतिहासावरून कोणी म्हणूं नये. आपलें सारें ताटच पाहुण्यांचें आहे. पण येणारी वस्तु रोजच्या खाण्यानें आपली होते, तशीच रोज न खाल्ल्यानें ती परकीहि होते, आणि तें इतक्या हळू घडतें कीं, घरांत कोणासच कळत नाहीं. सातू असाच गेला; त्याच्यासाठीं कोणी शोक केल्याची नोंद नाहीं. आमच्या वाचकांच्या घरांत भाकरी थापणारे हात अजून असतील. त्यांच्याजवळ बसून घरांतील एखाद्या मुलीनें, आणि मुलानेंहि, आठवड्यांतून एकदां पिठाला ऊन पाणी किती लागतें हें शिकून घ्यावें. पहिल्या चार भाकऱ्या मोडतील, पांचवी फुगेल.