ओव्याचं फूल

मन्नाएखेळ्ळी हे बीदर जिल्ह्यातलं, हैदराबाद-सोलापूर हमरस्त्यावरचं गाव. या पट्ट्यात चार भाषा कानावर पडतात. पोट फुगलं, उमासे येऊ लागले की आठवतो तो दाणा मात्र एकच. मराठीत तो ओवा, कानडीत ओम, उर्दूत अजवाइन, तेलुगूत वामु. जुन्या वैद्यकात त्याचं नाव यवानी. चिमूटभर ओवा मिठाबरोबर चावायचा, वर कोमट पाणी घ्यायचं, एवढाच उपचार.

त्याचा गुण आहे तेलात. दाण्यात हे तेल शेकडा २ ते ४ असतं आणि त्याचा मोठा भाग थायमॉलचा. या तेलाने आतड्याचे आखडलेले स्नायू सैलावतात, अडकलेला वारा सरतो. ओव्याचं तेल गार होऊ दिलं की त्यातून पांढरे खडे जमतात. तेच थायमॉल, म्हणजे बाजारातलं ओव्याचं फूल.

युरोपात हा पदार्थ कास्पर नॉयमान या जर्मन रसायनतज्ज्ञाने १७१९ मध्ये थाइम या झुडपाच्या तेलातून वेगळा काढला. पण ओव्यात तो मुबलक. म्हणून पहिल्या महायुद्धापर्यंत भारतातला ओवा जहाजांनी जर्मनीला जात असे. आतड्यातल्या अंकुशकृमींवर तेव्हा थायमॉलच देत.

इकडे कोलकात्यात प्रफुल्लचंद्र राय यांच्या बेंगॉल केमिकलने ओव्याचा अर्क ‘अ‍ॅक्वा टायकोटिस’ या नावाने बाटलीत भरला. टायकोटिस हे ओव्याचंच जुनं शास्त्रीय नाव. लाहोरची ‘अमृतधारा’ ही दवाही घरोघरी पोचली. तिचं मर्म पाहण्यासारखं आहे. ओव्याचं फूल, कापूर आणि पुदिन्याचं सत्त्व हे तिन्ही कोरडे खडे एकत्र ठेवले, की पाण्याचा थेंब न घालता आपोआप पाझरून तेलासारखे होतात.

हैदराबादेत १९२० मध्ये हकीम मोहम्मद मोइझुद्दीन फारुकी यांनी या तिघांना निलगिरीच्या तेलाची जोड दिली, रतनजोताच्या मुळाने लाल रंग आणला आणि ‘झिंदा तिलिस्मात’ तयार केलं. बीदर, गुलबर्गा, मराठवाडा तेव्हा एकाच निजामी राज्यात होते. १९५६ मध्ये त्या मुलखाची भाषावार वाटणी झाली, तरी सिद्दी जवानाचं चित्र असलेली ती बाटली सीमेच्या दोन्ही बाजूंना फडताळात राहिली.

त्या बाटलीत आजीचा ओवाच आहे, हे खरं. पण दाणा जितका सौम्य, तितकं त्याचं फूल नाही. मूठभर ओव्याचा जोर चार खड्यांत उतरतो, आणि सोबतचा कापूर लहान मुलांना थोडाही घातक ठरू शकतो. म्हणून ओव्याचा डबा हाताशी असावा आणि बाटली वरच्या फळीवर. उलट्या-जुलाब थांबेनात, तर आधी मीठ-साखरेचं पाणी पाजावं आणि दवाखान्याची वाट धरावी.