बरणीतला मासा

भाद्रपदाचा पाऊस ओसरला, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळच्या धाडसारख्या गावी मुलांचा एक ठरलेला उद्योग सुरू होतो. ओढ्याचे गढूळ पाणी निवळते आणि काठच्या उथळ डोहात बोटाच्या पेराएवढ्या माशांचे थवे चमकू लागतात. दोघांनी पंचाची टोके धरायची, तिसऱ्याने पाय आपटीत मासे त्यात हाकायचे आणि हाती लागलेले चार जीव लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून घरी आणायचे! संध्याकाळभर ती बरणी ओसरीवर मिरवते. सकाळी पाहावे तो मासे पोट वर करून तरंगत असतात. आजी म्हणते, "पाण्यातला जीव पाण्यातच ठेवावा रे बाबांनो." मुले हिरमुसतात, पण त्यांच्या मनातला प्रश्न काही सुटत नाही. बरणीत पाणी होते, मग मासा मेला कसा?

हा प्रश्न पोरकट नव्हे. त्याचे उत्तर मिळायला शहाण्या जगाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थांबावे लागले.

माशांचे कौतुक आपल्याकडे जुने आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात, अशी नोंद करणारा ग्रंथ म्हणून मराठी अभ्यासकांना तो परिचित आहे. त्यात 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरण आहे. मासे कोणकोणते, त्यांना काय खायला घालावे, गळ कसा टाकावा, हे सारे राजाने हौसेने सांगितले आहे. परंतु ही हौस गळाची होती. मासा जवळ बाळगून त्याचे जगणे पाहण्याची नव्हे. ती हौस चिनी लोकांची. सोंग राजवटीत तेथील तळ्यांतून आणि कुंडांतून सोनेरी मासे पाळले जात. मात्र कुंडातला मासा वरून दिसतो. त्याची कूस, त्याचे कल्ले, त्याची चाल दिसायची, तर काच हवी.

काच स्वस्त झाली ती विलायतेत. तेथील सरकारने 1845 साली काचेवरचा कर उठवला. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने एका मोठ्या भांड्यात दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. हा प्रयोग त्याने 1850 साली विद्वानांपुढे मांडला. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याचे या विषयावरचे पुस्तक निघाले आणि घरोघरच्या दिवाणखान्यांत काचपेट्या आल्या.

वॉरिंग्टनला वाटले, वनस्पती प्राणवायू देते म्हणून मासा जगतो. ते अर्धेच खरे होते. बरणीतला प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून येतो. तोंडाशी अरुंद असलेली बरणी काठोकाठ भरली, की हा दरवाजाच चिंचोळा होतो. दुसरे असे, की माशाच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो आणि तो त्याला विषासारखा बाधतो. ओढ्यात तो वाहून जातो. शिवाय दगडगोट्यांवर वसलेले सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. नव्या पेटीत हे जंतू रुजायला काही आठवडे लागतात. म्हणून जाणता मत्स्यपालक आरंभी दोन-चारच मासे ठेवतो, खाणे चिमूटभर घालतो आणि आठवड्याला थोडे थोडे पाणी बदलतो. बरणीतल्या माशाला या साऱ्यातले काहीच लाभत नाही.

पुढे काचपेटीत उष्ण देशांतले मासे आले. 1869 साली पॅरिसच्या पिएर कार्बोनिए याच्याकडे चीनमधून 'पॅराडाइज' मासे आले आणि त्यांची वीण त्याने वाढवली. मग युरोपीय शौकिनांचे लक्ष हिंदुस्थानच्या पाण्याकडेही वळले.

मौज अशी, की या माशांची नोंद आधीच होऊन गेली होती. कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन याने 1822 साली गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला. आज जगभरच्या काचपेट्यांत थव्याने हिंडणारा निळ्या पट्ट्यांचा झेब्रा मासा आणि गुलाबी झाक असलेला रोझी बार्ब हे त्यानेच प्रथम वर्णिले. दोघेही स्वभावाने शांत. सहा-आठ जणांची सोबत असली की खुशीत राहणारे. हाच झेब्रा मासा पुढे प्रयोगशाळेत गेला. अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर याने 1981 साली त्यावरचे संशोधन प्रसिद्ध केले. 2013 साली त्याचा संपूर्ण जनुकसंच छापला गेला, तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांचे जोडीदार या चिमुकल्या माशात सापडले!

आपल्या दख्खनकडे पाहिले ते कर्नल विल्यम साइक्स याने. मुंबई सरकारने त्याला 1824 साली माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. भीमा आणि मुळा-मुठेचे मासे त्याने तपासले आणि 1839 साली त्यांना शास्त्रीय नावे देताना स्थानिक बोलीतलीच नावे उचलली. 'खुदरी', 'कोळस', 'टाकरी', 'मळ्या' हे शब्द लॅटिनच्या पंक्तीला बसले आणि अजून बसलेले आहेत. यांतला मळ्या म्हणजे ओठाखालच्या चकतीने दगडाला चिकटून वाहत्या पाण्यात टिकून राहणारा लहानसा मासा. साहेबाने नाव जपले. आपल्या मुलांना मात्र ते ठाऊक नाही.

मराठी माणसाला माशांचे नवल काचेआडून घडवले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. मरीन ड्राइव्हवर 1951 साली त्याचे उद्घाटन झाले. गावोगावची कुटुंबे मुंबई दाखवायला मुलांना नेत, तेव्हा राणीच्या बागेबरोबर हेही असे. हळूहळू तालुक्याच्या गावीही काचपेट्या आल्या. पण त्यांत गप्पी दक्षिण अमेरिकेकडचा, फायटर सयामचा, एंजल ॲमेझॉनचा. आपल्या ओढ्यातला एकही नाही!

एवढेच असते, तर हौसेला मोल नसते म्हणून सोडून दिले असते. परंतु गोष्ट काचेत थांबली नाही. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी गप्पी आणि 1928 साली गॅम्बुसिया आपल्या देशात आणले गेले. हेतू चांगला होता. हिवतापाने माणसे मरत होती. पण गॅम्बुसिया अळ्यांवरच थांबत नाही. तो इतर माशांची अंडी-पिल्ले आणि बेडकांचे मासोळे खातो, आणि आज जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या जिवांत त्याची गणना होते. अळ्या खाणारा, डोक्यावर रुपेरी टिकली मिरवणारा पट्टेरी मासा आपल्याच पाण्यात होता. 1846 साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, ते मुंबईच्याच नमुन्यावरून. दारचा पाहुणा ओळखायच्या आधीच आपण परका घरात घेतला.

म्हणून पेटी जरूर ठेवावी. पण कंटाळा आला म्हणून त्यातले मासे विहिरीत किंवा ओढ्यात ओतू नयेत. त्यातून सुटका माशाची होत नाही, नाश मात्र ओढ्याचा होतो. आणि या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना ओढ्याकाठी न्यावे. पसरट भांड्यात चार मासे घ्यावेत, घटकाभर निरखावेत, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांची नावे विचारून वहीत लिहावीत आणि मासे होते तिथेच सोडावेत. आजीचे म्हणणेही राहील आणि मुलांचा प्रश्नही. बरणी तेवढी लोणच्याला मोकळी होईल!