हळद म्हटल्यावर कोण येतं?

कुरुंद्यातल्या एका ओळखीच्या घराने गेल्या हंगामात हळदपूड पाकिटात भरून इंटरनेटवर विकायला काढली. शहरातल्या कुणा सल्लागाराने पैसे घेऊन त्यांना कीवर्डची यादी करून दिली. ती मी पाहिली. हळद, हल्दी, ऑरगॅनिक, हेल्थ, इम्युनिटी, आयुर्वेद, महाराष्ट्र, शेतकरी… मोजून तीस. तीसच का, तर इन्स्टाग्रामने कित्येक वर्षं एका पोस्टला 30 हॅशटॅगची मुभा दिली होती. मुभा आहे तर ती संपवायचीच, हा आपला पंगतीतला जुना स्वभाव. यादीत कुरुंदा नव्हतं, तालुक्याचं वसमतही नव्हतं. ‘तुमच्या गावाचं नाव शोधतंय कोण?’ असं सल्लागाराने विचारल्याचं घरातल्या मुलाने सांगितलं.

हा पूर्वपक्ष. तो आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो मूर्खपणाचा नाही. सगळ्यात जास्त लोक जो शब्द शोधतात तो घ्या, जमेल तितक्या ठिकाणी आणि जमेल तितक्या वेळा घाला, गर्दी आली की त्यातले चार जण माल घेतीलच. आठवडी बाजारात मोक्याची जागा धरणारा बागवानही हेच मानतो, आणि त्याचं चुकत नाही. बाजारात आलेला माणूस पिशवी घेऊन आलेला असतो.

शोधणाऱ्याच्या हातात पिशवी असेलच असं नाही, आणि गोची तिथेच आहे. इन्स्टाग्रामवर ‘हळदी’ म्हणून बघा. पिवळ्या साड्या, झेंडूच्या माळा आणि गालाला हळद लावून घेणाऱ्या नवऱ्या दिसतील. गूगलवर ‘हळद भाव आज’ टाकणारा माणूस बहुधा स्वतःच पोत्यांचा मालक असतो. काढलेला माल आज वसमतला न्यावा की हिंगोलीला, एवढंच त्याला ठरवायचं असतं. ‘हळदीवर करपा’ विचारणाऱ्याला फवारणी हवी असते. या तिन्ही शब्दांवर गर्दी आहे, पण पाव किलोचं पाकीट घेणारा त्यात कुणी नाही. नुसती गर्दीच हवी असेल तर ‘कुरुंदकर’ हा हॅशटॅग लावावा. नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे हे गाव साऱ्या मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्यांचे लेख शोधणारे विद्यार्थी येतील, हळदीची पाकिटं पाहतील आणि आल्या पावली परत जातील. संख्या मात्र वाढलेली दिसेल, आणि सल्लागाराच्या अहवालात तिचा आलेख चढता असेल.

आता पुनरुक्तीबद्दल. एखाद्या ग्रंथाचं तात्पर्य काय हे ठरवण्यासाठी आपल्या शास्त्रकारांनी सहा खुणा सांगितल्या: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. यातला ‘अभ्यास’ म्हणजे पुन्हा पुन्हा सांगणं. सहातली ती एक, एकटीने निकाल देणारी नव्हे. सल्लागार मंडळींनी नेमकी तीच उचलली. पानाच्या पोटात न दिसणाऱ्या जागी शंभर शब्द कोंबायची एक पद्धत होती. तो कीवर्डचा टॅग क्रमवारीसाठी आम्ही बघतच नाही, असं गूगलने 2009 च्या सप्टेंबरात जाहीर सांगून टाकलं. दिसणाऱ्या मजकुरात तोच शब्द उगाच कोंबणं तर त्यांच्या नियमांत गैरप्रकार म्हणूनच मोडतं.

सहातली ‘अपूर्वता’ मला जास्त मोलाची वाटते: दुसरीकडे न सापडणारं काही इथे आहे का? 1972 मध्ये केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी जवळपास हेच गणिताच्या अंगाने मांडलं. जो शब्द सगळ्याच कागदांत आहे तो कागदाकागदांत फरक करू शकत नाही. विरळ शब्दाला वजन जास्त द्यावं. शोधयंत्रांच्या पुढच्या पिढ्या या विचारावर उभ्या राहिल्या. ‘हळद’ लाखो पानांवर आहे. वायगाव, सांगली आणि वसमत या तिन्ही हळदींना वेगवेगळं भौगोलिक मानांकन आहे, वसमतला ते 2024 साली मिळालं. म्हणजे सरकारदरबारी जो शब्द या मालाला वेगळं ओळखतो, तोच यादीतून गळला होता.

अलीकडे दुसराही एक पक्ष भेटतो. यंत्राला आता अर्थ कळतो, तेव्हा शब्द निवडायची कटकटच नको, असं तो म्हणतो. अर्धं खरं आहे. पण तुम्ही लिहिलेल्याचा अर्थ यंत्र लावील. न लिहिलेलं ते कुठून आणणार? वसमतचंच घ्या: रेल्वेच्या पाटीवर बसमत, तालुक्याच्या कागदांवर वसमत, आणि बसमत रोमनमध्ये लिहिलं की बासमती तांदळापासून एका अक्षरावर. दोन्ही रूपं पानावर एकेकदा सहज येऊ द्यावीत. मराठीची आणखी एक खोड आहे: विभक्ती लागली की शब्द अंग बदलतो. कुरुंदा, पण कुरुंद्याची. हळद, पण हळदीला. शब्द जसाच्या तसा जुळावा म्हणून काही जण ‘कुरुंदा हळद खरेदी घरपोच’ असं तारेच्या भाषेत लिहितात. ते वाचून गिऱ्हाईक कशाला थांबेल? मूळ रूप शीर्षकात एकदा द्यावं, पुढे माणसासारखं बोलावं.

मग शब्द शोधायचा कुठे? या घरात तो फोनशेजारच्या वहीत सापडला. गिऱ्हाइकांनी फोनवर काय विचारलं ते मुलाची आई तारखेसह लिहून ठेवते. ‘रंग मिसळलेला नाही ना?’ हा प्रश्न पानोपानी आहे. ‘कधी दळलीय?’ ‘सेलम जातीची आहे का?’ ‘पुण्याला पाठवाल का?’ यातल्या कुणीही इम्युनिटी म्हटलेलं नाही.

मुलाने तीस शब्द काढून टाकले. शीर्षक केलं ‘कुरुंदा, ता. वसमत येथील घरची सेलम हळदपूड’. खाली लिहिलं, हळद शेतातच शिजवली, उन्हात वाळवली, ढोलात पॉलिश केली, मागणी आली की दळतो, रंग घालत नाही. न दळलेल्या हळकुंडाचा फोटो पुडीशेजारी लावला. भेट देणारे कमी झाले, हे तो स्वतःच सांगतो. फोन मात्र आता भाव विचारायला येत नाहीत, पत्ता द्यायला येतात.

वहीतला शेवटचा प्रश्न आहे, ‘लोणच्याला चालेल का?’ त्याचं उत्तर अजून पानावर चढलेलं नाही.